तीनशे पावलं

आमच्या कौलांना दोन पागोळ्या.
उगवतीकडची मलप्रभेला मिळते.
मावळतीकडची दरीत उडी टाकते, म्हादई होते,
आणि मग समुद्र.
कणकुंबीच्या अलीकडं बावीस घरांचं आमचं गाव,
समुद्र फारसा कुणी पाहिलेला नाही.
मी पाहिला, बहिणीच्या डोहाळजेवणाला वास्कोला गेले तेव्हा,
एस्टीच्या खिडकीतून, तेलकट.

फॉरेस्टचा गार्ड आला, पिवळ्या रंगाचा डबा घेऊन.
सातेरीच्या कोंडीपासून वर तीनशे पावलं,
खाली तीनशे पावलं,
मासा धरायचा नाही.
तो कन्नडात सांगत होता,
मी अंगणवाडीची, म्हणून मराठीत सांगत होते.
'हद्द' म्हटल्याबरोबर निम्मी माणसं उठून उभी राहिली.
आमच्याकडं या शब्दाला
आजोबांपासून पोलीस बंदोबस्त आहे.
"आता पाण्यातबी हद्द?" लुमाण्णा म्हणाला,
"आणि ती कुणाच्या बाजूची?"
हे मी गार्डला सांगितलं नाही.
त्याला कळलं. बैलहोंगलचा होता,
डब्याचं झाकण खिळ्यानं उचकटत राहिला.

त्याच्यासोबत कारवारची सुगंधा तांडेल,
अर्धी कोंकणी, अर्धे हातवारे.
म्हणाली, तुमच्या कोंडीतली वांब तुमची नव्हे.
ती खोल समुद्रात जन्मते, काचेच्या सुतासारखी,
आरपार दिसते.
मग खाडी, मग नदी,
मग धबधब्याशेजारचा ओला कातळ,
रात्रीचा, पोटावर सरपटत.
इथं वीस वर्षं खेकडे खाऊन मनगटाएवढी होते,
आणि एका पुरात निघते.
अंडी तिकडंच घालते.

"म्हणजे बाळंतपणाला माहेरी," फोंडूबाई म्हणाली.
"व्हय की. आणि परत कधी येती?"
येत नाही, सुगंधा म्हणाली.
बायका गप्प झाल्या.
पदरानं कुणी उगीच पोराचं नाक पुसलं.

"आम्ही तिकडं कासवांची अंडी राखतो," ती म्हणाली,
"बेटाभोवती जाळं टाकू देत नाही, भांडणं होतात,
माझा सख्खा काका बोलत नाही माझ्याशी.
खरं समुद्र कुठनं राखायला घ्यायचा?
त्याचं एक टोक इथं, तुमच्या भांडी घासायच्या दगडाखाली."

तेव्हा मागून सटुप्पा पुढं आला.
उजव्या हाताला तीन बोटं.
दोन त्यानं याच कोंडीत घालवली,
खाणीवरचा तोटा पेटवून, फेकायला उशीर झाला म्हणून.
त्या दिवशी पांढरी पोटं वर करून
इतके मासे तरंगले की गोळा करायला टोपल्या कमी पडल्या,
आणि त्याचं रक्त कुणाच्या ध्यानात आलं नाही.
गेळाची फळं ठेचून त्याचा बापही पाणी भुलवायचा,
खरं दोन घटकांनी मासे शुद्धीवर यायचे. तोट्यानं तसं नाही.
सटुप्पा बोलला काही नाही.
कातळाच्या कपारीत कोपरापर्यंत हात घातला
आणि थांबला.
"हाय," म्हणाला.

बोर्ड लागला. कन्नडात.
खाली खडूनं मी मराठीत लिहिलं, पावसानं पुसलं.
'संरक्षित' तेवढा शब्द दोन्हीकडं एकच,
तो वाचायला लुमाण्णालाही माझी गरज पडली नाही.
तरी श्रावणात दोनदा रात्री बॅटरी दिसली कोंडीवर,
आणि कुणाच्या घरी वास आला
हे मला माहीत आहे, मी सांगणार नाही.

भादव्यात पाणी भांड्याच्या दगडावरून गेलं.
तीन दिवस कोंडीची कोंड राहिली नाही,
नुसता लाल आवाज.
ओसरल्यावर सटुप्पानं कपारीत हात घातला,
मग दुसऱ्या कपारीत,
मग बसून राहिला.
गेली म्हणायची, की नेली?

काल बघितलं तर
त्या तीन बोटांत ब्रश धरून
तो दगडावर आकडा गिरवत होता.
तीनशेचे चारशे केले होते त्यानं,
कुणाला न विचारता,
मावळतीच्या बाजूला.